मिल्क बँकेच्या दुधावर बाळाचं वजन का रेंगाळतं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मुलगी २९व्या आठवड्यात जन्मली, जन्माचं वजन १०८० ग्रॅम. आज ती २४ दिवसांची आहे आणि वजन १२०० ग्रॅम. तुमचं स्वतःचं दूध दिवसाला ४०-५० मि.लि. निघतं, बाकीचं मिल्क बँकेतून, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं, येतं. दर दोन तासांनी १५ मि.लि. नळीने दिलं जातं, ती ते पचवते, उलटी नाही, पोट फुगत नाही. पण गेल्या आठवड्याभरात वजन रोज १०-१२ ग्रॅमच वाढलं. घरचे म्हणतात की दुसऱ्या बाईचं दूध पातळ असतं, डब्याचं सुरू करा म्हणजे बाळसं धरेल. बँकेचं दूध थांबवावं का, हे तुम्ही विचारलंय.

थांबवू नका. पण वाढ कमी पडतेय हे तुमच्या बरोबर लक्षात आलंय, आणि "कमी दिवसांचं बाळ आहे, वाढेल हळूहळू" असं कुणी म्हणालं तर तेवढ्यावर समाधान मानू नका. बँकेचं दूध बाळाच्या आतड्याला जपतं, मात्र एवढ्या लहान बाळाला वाढायला लागतं तेवढं सगळं त्यात नसतं. जे कमी आहे ते मोजून भरून काढता येतं. बहुतेक वेळा दूध बदलावं लागत नाही, त्यात काय आणि किती घालायचं ते बदलावं लागतं.

आधी वाढ किती हवी ते बघू. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन उतरतं आणि साधारण १० ते १४ दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. तिथून पुढे अपेक्षा असते दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅमची. १२०० ग्रॅमच्या बाळासाठी हे दिवसाला १८ ते २४ ग्रॅम झालं. तुमची मुलगी किलोमागे नऊ-दहा ग्रॅमवर आहे, म्हणजे जेमतेम अर्ध्यावर. डोक्याचा घेर आणि लांबी दोन्ही आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढायला हवेत. हे आकडे कुणी सांगितले नसतील तर विचारा. माझ्या मते वजनापेक्षा ते जास्त बोलके असतात. वजन पाण्यानेही वाढतं, लांबी आणि डोकं पाण्याने वाढत नाही.

वजन करण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्या. रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी, दूध देण्याआधी, लंगोट काढून वजन व्हायला हवं. हाताला सलाइनची पट्टी आणि आधाराची फळी बांधलेली असेल तर तिचं वजन वजा करायला हवं. ओला लंगोट किंवा अशी एक फळी सहज वीस-पंचवीस ग्रॅमची भरते, म्हणजे तुमच्या बाळाची पूर्ण दिवसाची वाढ. काल फळी होती आणि आज काढली, तर कागदावर वजन घटलेलं दिसतं आणि आईची रात्र रडण्यात जाते. म्हणून एका दिवसाचा आकडा धरू नका, सात दिवसांची सरासरी काढा. तुम्ही आठवड्याचा हिशोब दिलाय, त्यामुळे तुमच्या बाबतीत वाढीतली तूट खरी धरूनच पुढे लिहिते.

आता बँकेचं दूध कमी का पडतं ते पाहू. बँकेला दूध देणाऱ्या बहुतेक माता पूर्ण दिवसांच्या बाळाच्या आया असतात, आणि त्यांच्या प्रसूतीला कित्येक आठवडे किंवा महिने उलटलेले असतात. आईच्या दुधातलं प्रोटीन सुरुवातीला जास्त असतं आणि आठवड्यागणिक उतरत जातं. कमी दिवसांत बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिल्या काही आठवड्यांत १०० मि.लि.मागे दीड ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून जास्त प्रोटीन मिळतं. बँकेच्या दुधात ते साधारण ०.९ ग्रॅम धरावं लागतं. त्या मातांच्या दुधात खोट नाही, त्यांच्या स्वतःच्या तीन-चार किलोच्या बाळांना ते पुरेपूर आहे. तुमच्या मुलीने मात्र अजून पोटात असायला हवं होतं, आणि पोटात या दिवसांत बाळ ज्या वेगाने वाढतं तो वेग नंतर आयुष्यात कधीच नसतो.

हिशोब मांडून बघा. दिवसाला १२ वेळा १५ मि.लि. म्हणजे १८० मि.लि., किलोमागे १५० मि.लि. यात काहीच घातलं नाही आणि सगळं बँकेचंच दूध धरलं, तर प्रोटीन मिळतं किलोमागे १.३५ ग्रॅम. गरज आहे ३.५ ते ४ ग्रॅमची. उष्मांक मिळतात किलोमागे ९५-१०० किलोकॅलरी, गरज ११५ ते १४० ची. कॅल्शियम आणि फॉस्फरसची तूट तर याहून मोठी. तुमचं स्वतःचं पाव हिस्सा दूध ही तूट थोडी कमी करतं, भरून काढत नाही. निव्वळ दुधावर १२०० ग्रॅमचं बाळ नीट वाढणं या हिशोबात बसतच नाही, दूध कुणाचंही असो.

म्हणून तुमचा डॉक्टरांना पहिला प्रश्न हा असू द्या: दुधात फोर्टिफायर घातला जातोय का, कधीपासून आणि किती? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. फोर्टिफायर म्हणजे आईच्या दुधात मिसळण्यासाठीच बनवलेली पूड किंवा द्रव. त्यात प्रोटीन, उष्मांक, कॅल्शियम, फॉस्फरस, सोडियम, झिंक आणि जीवनसत्त्वं असतात. दूध किलोमागे ५० ते १०० मि.लि.पर्यंत पोचलं की साधारणपणे तो सुरू करतात, तुमची मुलगी तर १५० वर आहे. अनेक बाळांची रेंगाळलेली वाढ एवढ्या एका गोष्टीने सुधारते.

फोर्टिफायर आधीच चालू असेल तरी हिशोब तिथेच संपत नाही. पाकिटावर लिहिलेलं नेहमीचं प्रमाण साधारण १०० मि.लि.मागे एक ग्रॅम प्रोटीन वाढवतं, आणि ते ठरवताना दुधात आधीच दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आहे असं गृहीत धरलेलं असतं. बँकेच्या ०.९ ग्रॅमवर ते घातलं तर होतात १.९, आणि किलोमागे १५० मि.लि.ने बाळाला मिळतात २.८५ ग्रॅम. उष्मांक आता पुरेसे झाले, प्रोटीन मात्र अजून मागेच. अशा वेळी बाळाची थोडीशी चरबी वाढते, लांबी रेंगाळते. दूध किलोमागे १८० मि.लि.पर्यंत नेलं तर प्रोटीन ३.४ पर्यंत जातं. तरीही कमी पडलं तर वेगळं प्रोटीन घालतात किंवा फोर्टिफायरचं प्रमाण पायरीपायरीने वाढवतात. दूध वाढवणं सगळ्यांनाच चालत नाही. हृदयातली जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी असेल किंवा फुप्फुसं आजारी असतील तर जास्त पाणी त्रास देतं, त्यामुळे तो निर्णय तिला रोज तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

प्रोटीन किती वाढवायचं हे अंदाजाने ठरवावं लागत नाही. दोन मार्ग आहेत. दुधाचं पृथक्करण करणारं यंत्र असेल तर त्या दुधात नेमकं काय आहे हे मोजून तेवढीच भर घालता येते. यंत्र नसेल तर रक्तातला युरिया बघायचा. प्रोटीन कमी पोचत असेल तर रक्तातला युरिया नायट्रोजन, म्हणजे बीयूएन, खाली राहतो. डेसिलिटरमागे १० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर प्रोटीन एक पायरी वाढवायचं, १६ च्या वर गेला तर एक पायरी कमी करायचं, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. काही प्रयोगशाळा बीयूएन देतात आणि काही नुसता युरिया. एकाच रक्ताचा युरियाचा आकडा बीयूएनच्या दुपटीहून थोडा जास्त येतो, तेव्हा अहवालात काय छापलंय ते आधी वाचा. आणि अगदी पहिल्या दिवसांत या आकड्यावर विसंबू नये, कारण तेव्हा तो मूत्रपिंडाचं आणि शरीरातल्या पाण्याचं गणित सांगत असतो. तुमची मुलगी तीन आठवड्यांच्या पुढे गेलीय, तिचा आकडा आता उपयोगाचा.

पाश्चरायझेशनचाही वाटा आहे. बँकेचं दूध ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं ठेवतात. त्यात एचआयव्हीसारखे विषाणू आणि बहुतेक सगळे जिवाणू मरतात, म्हणूनच ते आपण निर्धास्तपणे देऊ शकतो. पण आईच्या दुधात चरबी पचवणारं लायपेझ नावाचं एन्झाइमही असतं, आणि ते या उष्णतेत पूर्ण निकामी होतं. कमी दिवसांच्या बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड अजून पुरेसं लायपेझ बनवत नाही, त्यामुळे बँकेच्या दुधातली चरबी त्याला कमी पचते. संरक्षण देणारी काही प्रथिनंही घटतात. दुधातल्या विशिष्ट साखरा, ज्या चांगल्या जिवाणूंना पोसतात, त्या मात्र टिकतात.

शिवाय चरबी वाटेतच सांडते, आणि हे तुम्ही डोळ्यांनी बघू शकता. गोठवून वितळवलेल्या दुधात चरबी वेगळी होऊन वर येते आणि बाटलीच्या कडेला चिकटते. सिरिंज पंपात आडवी ठेवून दोन तास सावकाश दूध सोडलं की सिरिंजमध्ये वरच्या बाजूला पिवळसर साय जमते. शेवटी पंप थांबतो तेव्हा तीच साय सिरिंजमध्ये आणि लांब नळीत राहून जाते. बाळाला पाणीदार भाग मिळतो आणि सगळ्यात जास्त उष्मांकाचा भाग सिरिंजबरोबर फेकला जातो. पुढच्या वेळी रिकामी सिरिंज उजेडात धरून बघा. दूध पंपाने सोडत असतील तर सिरिंज तोंड वर करून ठेवता येईल का, नळी आखूड घेता येईल का, आणि बाळाला झेपत असेल तर पंपाऐवजी वरून धरून थोडक्या वेळात देता येईल का, हे नर्सताईंना विचारा. दूध भरण्याआधी बाटली हळूवार फिरवून साय परत मिसळायची, जोरजोरात हलवायची नाही. यात एक पैशाचंही औषध नाही, आणि उष्मांकात फरक पडतो.

दूध, फोर्टिफायर, सिरिंज सगळं नीट असूनही वजन अडलं तर मी सोडियम बघते. या बाळांची मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू शकत नाहीत, लघवीतून ते निसटत राहतं, आणि बँकेच्या दुधात सोडियम मुळातच कमी. सोडियम कमी असेल तर प्रोटीन कितीही द्या, वाढ अडते. लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर ही शक्यता आणखी वाढते. झिंकच्या कमतरतेतही वजन थांबतं, आणि तोंडाभोवती व लंगोटाच्या जागी लवकर न जाणारी लाली येते. रक्त कमी होणं, बाळ गार पडणं, दम लागून श्वासात शक्ती खर्च होणं, लपलेला जंतुसंसर्ग, थायरॉइड: डॉक्टर हे सगळं तपासतीलच. वजन अचानक थांबलं आणि बाळ सुस्तही वाटायला लागलं तर दुधाचा हिशोब बाजूला ठेवून आधी जंतुसंसर्ग शोधायचा.

घरच्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. दोन्ही दुधांची तुलना करणाऱ्या सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं तर फॉर्म्युलावरची, म्हणजे डब्याच्या दुधावरची, बाळं रुग्णालयात असताना बँकेच्या दुधावरच्या बाळांपेक्षा वेगाने वाढतात, हे खरं आहे. त्यातल्या बऱ्याच जुन्या चाचण्यांत बँकेच्या दुधात फोर्टिफायर नव्हता, पण फोर्टिफायर घालूनही थोडा फरक राहतो. फक्त तराजूची दुसरी बाजूही बघायला हवी. त्याच चाचण्यांत फॉर्म्युलावरच्या बाळांना नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस, म्हणजे एनईसी, होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट दिसतो. या आजारात आतड्याचा भाग सुजतो, मरतो, कधी फाटतो. काही बाळांना शस्त्रक्रिया लागते आणि काही जगत नाहीत.

कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात १५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. आईचं दूध अपुरं पडलं की एका गटाला बँकेचं दूध आणि दुसऱ्याला फॉर्म्युला दिला. २०१६ साली निकाल आले: एनईसी बँकेच्या दुधावर १.७ टक्के, फॉर्म्युलावर ६.६ टक्के. अमेरिकेत त्याहून लहान बाळांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४.२ टक्क्यांसमोर ९ टक्के. या दुसऱ्या अभ्यासात बँकेच्या दुधावरची बाळं सावकाश वाढली. तरीही दोन्ही अभ्यासांत, दीड-दोन वर्षांच्या वयाला बोलणं, समज आणि हालचाल तपासली तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे फॉर्म्युलाने मिळवलेल्या जादा ग्रॅमांनी विकासात आघाडी मिळवून दिली नाही, आणि बँकेच्या दुधाने वाचवलेली आतडी वाचली ती वाचलीच. तुमची मुलगी आता गर्भवयाने साडेबत्तीस आठवड्यांच्या आसपास आहे. एनईसीची भीती याच आठवड्यांत असते. अशा वेळी थोड्या ग्रॅमांसाठी आतड्याचा धोका पत्करायला मी तयार होणार नाही, तेही तेच ग्रॅम फोर्टिफायरने मिळवता येत असताना.

जिथे मिल्क बँकच नाही तिथे कमी दिवसांच्या बाळांसाठीचा खास फॉर्म्युला द्यावाच लागतो, आणि त्यावर असंख्य बाळं व्यवस्थित वाढतात. तसा तो तुमच्या बाळाला द्यावा लागला तर त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. पण घरचे ज्या डब्याबद्दल बोलतायत तो पूर्ण दिवसांच्या बाळाचा असणार. त्याची घडण वेगळी असते आणि १२०० ग्रॅमच्या बाळाला त्याचं प्रोटीन आणि खनिजंही पुरत नाहीत. आणि मनाने दुधात पावडर, साखर, तेल असलं काहीही मिसळू नका. दूध घट्ट झालं की आतड्यावर ताण येतो, आणि फॉर्म्युलाची पावडर निर्जंतुक नसते.

आता तुमच्या स्वतःच्या दुधाबद्दल. ४०-५० मि.लि. हे "फार कमी" नाही. तुमच्या मुलीच्या दिवसभराच्या दुधाचा तो पाव हिस्सा आहे. त्यात जिवंत पेशी आहेत, काम करणारं लायपेझ आहे, जास्त प्रोटीन आहे. तुमचं ताजं दूध आधी द्यावं आणि उरलेल्या गरजेला बँकेचं, असा क्रम ठेवायला सांगा. तुम्ही दिवसातून पाच वेळा पंप लावता असं लिहिलंय, तिथे वाढायला जागा आहे. २४ तासांत आठ वेळा, त्यातली एक मध्यरात्रीनंतर. रात्री पाच तासांपेक्षा मोठी फट नको. पंप लावतानाच हाताने छाती चोळा आणि दाबा, पंप थांबल्यावर आणखी थोडं हाताने काढा. शेवटी येणाऱ्या दुधात चरबी सगळ्यात जास्त असते, ते सोडू नका. बाळाला छातीशी कातडीला कातडी लावून रोज जितका वेळ मिळेल तितका धरा आणि ते झाल्याबरोबर पंप लावा. अनेक आयांना त्याच वेळी चांगला पान्हा फुटतो. प्रसूतीत खूप रक्त गेलं असेल, थायरॉइडचा त्रास असेल, किंवा अजून रक्तस्राव चालू असेल तर ते तुमच्या डॉक्टरांना सांगा, कारण दूध कमी येण्यामागे यातलं एखादं कारण असू शकतं. चौथ्या आठवड्यात दूध वाढवणं पहिल्या आठवड्याइतकं सोपं नसतं. पण ५० चे ८० झाले तरी तुमच्या मुलीला रोज ते ३० मि.लि. जाणवतील.

एक विनंती. बँकेचं दूध एखाद्या दिवशी कमी पडलं तर ओळखीतल्या बाळंतिणीचं कच्चं दूध आणून देऊ नका. तिचं मन कितीही मोठं असलं तरी. बँकेत दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांची तपासणी होते, तिच्या औषधांची चौकशी होते, दूध पाश्चराइझ होतं, जिवाणू तपासले जातात. घरून आलेल्या बाटलीला यातलं काहीच झालेलं नसतं.

फोर्टिफायर सुरू केला किंवा वाढवला की निकालाला चार-पाच दिवस द्या, मग आठवड्याची सरासरी परत काढा. या काळात पोट ताणलेलं दिसलं, हिरवट उलटी झाली किंवा नळीतून हिरवं आलं, शीमध्ये रक्त दिसलं, तर वेळ न घालवता नर्सला बोलवा, मग मध्यरात्र का असेना. शी थोडी घट्ट होणं एवढंच असेल तर घाबरू नका. लोह, ड जीवनसत्त्व आणि हाडांसाठी फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फेटेज यांची तपासणी कधी आहे तेही याच वेळी विचारून ठेवा. वाढ रेंगाळलेल्या बाळांची हाडंही बरेचदा मागे पडलेली असतात.

साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास, किंवा वजन दीड किलोच्या पुढे गेल्यावर, तुमचं दूध पुरत नसेल तर बँकेचं दूध टप्प्याटप्प्याने कमी करून फॉर्म्युला आणतात. हा बदल एका दिवसात करू देऊ नका, काही दिवसांत एकेक वेळ बदलत न्यावा. तोपर्यंत ती तोंडाने ओढायला शिकत असेल, आणि अंगावर पाजायची सुरुवात पंपाने छाती रिकामी केल्यावर करता येईल, म्हणजे दुधाचा लोंढा तिला झेपेल. घरी जाताना दुधात काही घालायचं का, किती दिवस आणि पुढचं वजन कधी, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या.